बंद मूठ आणि घरगुती विमानाचे रोटरी इंजिन

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत धम्मविचार, चळवळीचा इतिहास, वर्षभराच्या कार्याचा अहवाल आणि गुणवंत विद्यार्थ्यांची यादी असा मजकूर असतो. त्यात विमानाच्या इंजिनावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांना पडेल. तो रास्त आहे. आमचे उत्तर असे की, संस्थेच्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींत आयटीआय, पदविका आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी बरेच आहेत, आणि त्यांची एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. पुस्तकात आकृती असते, परीक्षेत ती काढायची असते, गुणही मिळतात. पण यंत्र उघडून, बिघडलेला भाग हातात देऊन, तो असा का बिघडला हे कोणी सांगत नाही. ही तक्रार आजची नाही. तिच्यावर काही हौशी माणसांनी दूर अमेरिकेत एक उपाय काढला. तो त्यांच्या इंजिनासकट समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख.

अमेरिकेत सामान्य माणसाला स्वतःचे विमान स्वतः बांधून उडवता येते. कायद्याची मुख्य अट अशी की, निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे आणि ते केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठी केलेले असावे. 'शिक्षण' हा शब्द त्या नियमातच आहे, हे आम्हांस विशेष वाटले. अशा विमानात 'प्रायोगिक' अशी ठळक पाटी लावावी लागते आणि बसणाऱ्याला दिसेल अशी इशाऱ्याची सूचनाही लावावी लागते. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे अशा हौशी बांधणाऱ्यांची एक संघटना सुरू केली, 'एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन'. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी भरतो. संघटनेचे अनुभवी सभासद नवख्याच्या गॅरेजमध्ये जाऊन त्याचे काम विनामूल्य तपासून देतात. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आरव्ही मालिकेतील, लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये रिव्हेट मारून जोडलेली दहा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत.

विमानाचा सांगाडा माणूस सवडीने, वर्षानुवर्षे जोडत राहू शकतो. अडते ते इंजिनापाशी. लहान विमानांसाठी लायकॉमिंगसारख्या कंपन्यांची प्रमाणित इंजिने मिळतात. पण त्यांची किंमत अनेकदा बाकीच्या विमानाएवढी होते. लायकॉमिंगचे ओ-३२० हे चार सिलिंडरांचे, ५.२ लिटरचे, हवेने थंड होणारे इंजिन १५० ते १६० अश्वशक्ती देते. त्याची मूळ रचना १९५० च्या दशकातली. ते भरवशाचे आहे, पण गॅरेजमध्ये रात्री जागणाऱ्या शाळामास्तराला किंवा कारखान्यातल्या फोरमनला परवडणारे नाही. म्हणून काहींची नजर भंगारातल्या मोटारींकडे गेली आणि तेथे त्यांना मॅझ्दा कंपनीच्या आरएक्स-७ गाडीतले १३बी नावाचे रोटरी इंजिन सापडले.

येथे नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांतही 'रोटरी' इंजिने होती. १९०९ च्या सुमारास आलेले फ्रान्सचे नोम इंजिन हे त्यांतले प्रसिद्ध. त्यात दांडा स्थिर राहून सगळे सिलिंडरच पंख्याबरोबर गरगर फिरत. पण आतमध्ये वरखाली होणारे दट्टे होतेच. आपण ज्याबद्दल बोलत आहोत त्या इंजिनात दट्ट्याच नाही. ते वांकेल इंजिन होय.

दट्ट्याच्या इंजिनाची रीत विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. दट्ट्या वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. मिनिटाला हजारो वेळा. त्याच्या जोडीला कनेक्टिंग रॉड, झडपा, झडपांच्या स्प्रिंगा, कॅम, साखळी असा मोठा गोतावळा. वांकेल इंजिनात फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर असतो. तो ज्या पेटीत फिरतो तिचा आतला आकार कमरेपाशी किंचित दबलेल्या लंबगोलासारखा असतो. रोटरची तिन्ही टोके सतत पेटीच्या भिंतीला चिकटून सरकतात. त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात आणि रोटर फिरताना प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा लहान होतो. मोठा होताना पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेतले, लहान होताना दाबले, ठिणगी पडून पुन्हा मोठा होताना काम झाले, लहान होताना धूर बाहेर गेला. चारही क्रिया झाल्या, आणि एकही झडप लागली नाही. मिश्रण येण्याची आणि धूर जाण्याची भोके रोटर स्वतःच उघडतो आणि झाकतो.

रोटर नुसता जागच्या जागी फिरत नाही, झुलत फिरतो. त्याच्या पोटात ५१ दात्यांचे आतल्या बाजूचे गिअर असते आणि ते पेटीच्या बाजूला घट्ट बसवलेल्या ३४ दात्यांच्या स्थिर गिअरभोवती लोळत जाते. हे प्रमाण तीनास दोन. त्याचा परिणाम असा की, रोटरचा एक फेरा पुरा होईपर्यंत मुख्य दांड्याचे तीन फेरे होतात. दांडा मिनिटाला ६,००० फेरे घेत असला तरी रोटर २,०००च घेतो. 'एवढ्या वेगात हे यंत्र टिकते कसे?' या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. तिन्ही बाजूंवर आळीपाळीने स्फोट होत असल्याने दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरकडून एक धक्का मिळतो. १३बी मध्ये असे दोन रोटर एकामागे एक असतात.

कप्प्याचे आकारमान काढण्याचे सूत्र अकरावीच्या विद्यार्थ्याला झेपेल असे आहे. दांड्याचे विकेंद्रन (म्हणजे रोटरचा मध्य दांड्याच्या मध्यापासून जेवढा सरकलेला असतो ते अंतर), रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर आणि रोटरची रुंदी यांचा गुणाकार करायचा आणि त्याला तीन गुणिले तीनाचे वर्गमूळ, म्हणजे ५.१९६ ने गुणायचे. १३बी मध्ये ही मापे अनुक्रमे १.५, १०.५ आणि ८ सेंटिमीटर आहेत. गुणाकार १२६, त्याला ५.१९६ ने गुणले की ६५४ घनसेंटिमीटरांहून किंचित जास्त येते. दोन रोटरांचे मिळून १,३०८. कंपनीच्या पत्रकात छापलेला आकडा हाच. रुंदी ८ ऐवजी ७ सेंटिमीटर घेतली की त्याच घराण्यातल्या १२ए इंजिनाचा १,१४६ हा आकडा मिळतो. आकडा असा स्वतः पडताळून पाहता आला म्हणजे पत्रकावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही.

या इंजिनाचे जनक फेलिक्स वांकेल (१९०२-१९८८) हे जर्मनीचे. वडील पहिल्या महायुद्धात गेले. विद्यापीठाची पदवी त्यांना घेता आली नाही. हायडेलबर्ग येथे पुस्तकविक्रीच्या व्यवसायात नोकरी करून त्यांनी स्वतःची लहानशी कार्यशाळा काढली. पदवीवाचून एवढी मजल मारणारा माणूस म्हणून त्यांचे कौतुक वाटते. पण तेच वांकेल तरुणपणी नाझी पक्षाचे सभासद होते, हेही लिहिलेच पाहिजे. प्रज्ञा आणि शील यांची जोड आपोआप पडत नाही, एवढे नोंदवून पुढे जातो. त्यांचे पहिले इंजिन १९५७ साली एनएसयू या कंपनीत फिरले. त्यात पेटीसुद्धा फिरत असे. पेटी स्थिर ठेवून फक्त रोटर झुलवण्याची आजची सोपी रचना त्याच कंपनीतील हान्स डीटर पाश्के यांनी पुढे आणली.

जपानमधील हिरोशिमाच्या टोयो कोग्यो कंपनीने (हीच पुढची मॅझ्दा) १९६१ साली एनएसयूशी करार केला. रेखाचित्रे हाती आली, आणि इंजिन काही तास चालवल्यावर पेटीच्या आतल्या चकचकीत भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठू लागले. रोटरच्या टोकांवर बसवलेल्या पट्ट्या, ज्यांना एपेक्स सील म्हणतात, त्या भिंतीवर थरथरत होत्या. जपानी अभियंते या ओरखड्यांना सैतानाची नखे म्हणत. केनिची यामामोटो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा गट १९६३ पासून या एका दुखण्यामागे लागला. पट्टीचा आकार बदलला, धातू बदलला, शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी टिकली, आणि १९६७ साली दोन रोटरांची कॉस्मो ही गाडी बाजारात आली. १९९१ साली याच कंपनीची चार रोटरांची गाडी फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पहिली आली. एनएसयूची रो-८० ही गाडी मात्र सीलच्याच दुखण्याने बदनाम झाली होती आणि १९७७ साली ती बंद पडली. कल्पना जर्मनीची, पण ती टिकाऊ झाली हिरोशिमात. कारण तेथे दोष झाकून न ठेवता तो टेबलावर मांडून सत्तेचाळीस जणांनी पाहिला.

आता विमानाकडे येऊ. विमानबांधणाऱ्यांना या इंजिनात नेमके काय आवडले? मोटारीचे इंजिन रस्त्यात बंद पडले तर आपण गाडी कडेला घेतो. आकाशाला कडा नसते. दट्ट्याच्या इंजिनात कनेक्टिंग रॉड तुटला तर तो बहुधा ठोकळा फोडून बाहेर येतो आणि खेळ तेथेच आटोपतो. वांकेलमध्ये तुटण्याजोगे भागच थोडे. एखादे सील गेले तर त्या रोटरची शक्ती घटते, खडखडाट होतो, पण दांडा बहुतेक वेळा फिरत राहतो आणि वैमानिकाला शेत किंवा धावपट्टी शोधायला काही मिनिटे मिळतात. या काही मिनिटांसाठीच हा सगळा उद्योग. शिवाय हे इंजिन साध्या मोटारीच्या पेट्रोलवर चालते, आणि आकाराने एवढे लहान की दोन माणसे ते उचलून पाटावर ठेवतात.

परंतु भंगारातून इंजिन आणले आणि विमानाला जोडले, एवढे ते सरळ नाही. पहिली अडचण पंख्याची. समजा पंखा १.८ मीटर व्यासाचा आहे. त्याचा परीघ ५.६५ मीटर. मिनिटाला २,७०० फेरे म्हणजे सेकंदाला ४५. पंख्याचे टोक सेकंदाला सुमारे २५४ मीटर वेगाने जाते. ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर. येथपर्यंत ठीक. पण रोटरी आपली खरी शक्ती ६,००० फेऱ्यांच्या आसपास देते. पंखा थेट जोडला तर टोकाचा वेग ५६५ मीटर होईल. पंखा हवा मागे लोटण्याऐवजी नुसता किंचाळेल. म्हणून मध्ये वेग कमी करणारी गिअरपेटी हवी. फ्लोरिडातील ट्रेसी क्रुक यांनी फोर्ड मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले प्लॅनेटरी गिअर घेऊन अशी पेटी तयार केली. मध्ये एक गिअर आणि त्याच्याभोवती ग्रहांप्रमाणे फिरणारी लहान गिअरे, अशी ती रचना. तिचे प्रमाण आरंभी २.१७ ला १ होते, पुढच्या आवृत्तीत २.८५ ला १. सहा हजारांना २.८५ ने भागले की पंख्याला सुमारे २,१०० फेरे मिळतात. स्वतःच्या आरव्ही-४ विमानात १३बी बसवून त्यांनी ते वर्षानुवर्षे उडवले आणि जे कळले ते पुस्तिकेत लिहून इतरांना दिले.

गिअरपेटीचा खरा शत्रू पिळाचे कंप हा आहे. इंजिन धक्क्याधक्क्याने ढकलते, पंखा जडपणामुळे अडून बसतो, आणि मधला दांडा सूक्ष्म पिळला जातो, सुटतो, पुन्हा पिळला जातो. विशिष्ट वेगाला हे कंप एकमेकांत मिसळून वाढत जातात आणि पोलादाचे दाते बिस्किटासारखे तुटतात. त्यासाठी मध्ये रबराची किंवा स्प्रिंगची लवचीक जोडणी घालतात. कोणती जोडणी कोणत्या पंख्याबरोबर चालते हे पुस्तकातल्या सूत्राने पुरते कळत नाही. ज्याची तुटली त्याने सांगितले तरच कळते.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि आमच्या मते हीच मोठी. मोटार सपाट रस्त्यावर वीस-तीस अश्वशक्तीत चालते. पूर्ण शक्ती लागते ती ओव्हरटेक करताना, काही सेकंद. विमान मात्र उड्डाणाच्या वेळी पूर्ण शक्तीवर कित्येक मिनिटे वर चढत असते, तेही कमी वेगात, म्हणजे रेडिएटरला हवा अपुरी असताना. वांकेलचा स्फोट नेहमी पेटीच्या एकाच बाजूला होतो, त्यामुळे एक बाजू तापलेली आणि दुसरी थंड. उष्णतेचा मोठा हिस्सा पाण्याबरोबर तेलातूनही काढावा लागतो, म्हणून तेलाचा कूलर चांगला मोठा हवा. इंजिन फार तापले की ॲल्युमिनियमची पेटी वाकते आणि तिच्या व बाजूच्या बिडाच्या प्लेटच्या मधली रबरी कडी पाणी सोडू लागते. हौशी बांधणाऱ्यांनी येथे मोठी चतुराई दाखवली. मोटारीच्या वातानुकूलन यंत्रातली ॲल्युमिनियमची जाळी त्यांनी रेडिएटर म्हणून वापरली. स्वस्त, हलकी आणि भंगारात हवी तेवढी मिळणारी. पण जाळीपेक्षा तिच्यापुढच्या हवेच्या वाटेला महत्त्व अधिक. हवा आत येण्याचे तोंड लहान, मग हळूहळू रुंदावत जाणारी वाट, मग जाळी, आणि गरम हवा बाहेर पडायला मोकळी जागा. ही वाट चुकली तर कितीही मोठा रेडिएटर लावा, पाणी उकळायचे ते उकळतेच.

धुराची नळी हे आणखी एक दुखणे. दट्ट्याच्या इंजिनापेक्षा यातला धूर अधिक तापलेला आणि आवाज कानठळ्या बसवणारा. साधा सायलेन्सर आतून जळून तुकडे होऊन पडतो. पेट्रोलही थोडे जास्त लागते, कारण कप्पा लांबट आणि चपटा असल्याने भिंती उष्णता खाऊन टाकतात. सीलला वंगण मिळावे म्हणून कंपनीने इंजिनावर तेलाचा लहान पंप दिलेला असतो. विमानवाले पुष्कळदा तो काढून टाकतात आणि सरळ पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोकचे तेल मिसळतात. आपल्याकडे जुन्या स्कूटरला पेट्रोलपंपावर तेल मिसळून देत असत, तसेच. पंप बिघडण्याची भीतीच गेली. राहता राहिली वीज. ठिणगी आणि इंधन दोन्ही विजेवर अवलंबून असल्याने बॅटरी गेली की इंजिन गेले. म्हणून दोन बॅटऱ्या, दोन इंधनपंप, दोन नियंत्रक. एवढे सगळे जोडल्यावर वजन लायकॉमिंगच्या जवळपास जाऊन पोचते, ही गोष्ट उत्साही मंडळी सांगायला विसरतात.

या मंडळींच्या अनुभवाचे सार एका वाक्यात असे आहे की, इंजिन क्वचित दगा देते, दगा देतात त्याच्याभोवतीच्या वस्तू. इंधनाच्या नळीत उन्हाने झालेली वाफ, गाळणीत अडकलेला कचरा, सैल झालेली तार, पाण्याची फुटलेली नळी. आणि या वस्तू प्रत्येकाने आपापल्या अकलेने जोडलेल्या असतात. कंपनीची पुस्तिका तेथे उपयोगी पडत नाही, कारण कंपनीने हे इंजिन विमानासाठी बनवलेलेच नाही. मग ज्ञान येणार कोठून?

ते एकमेकांकडून येते. या लोकांनी टंकलिखित पत्रके काढली, सुट्टीच्या दिवशी एखाद्याच्या धावपट्टीवर जमून झाकणे उघडून एकमेकांची इंजिने पाहिली. ज्याचे इंजिन हवेत बंद पडले आणि जो सुदैवाने शेतात उतरला, त्याने घरी जाऊन पहिले काम केले ते नोंद लिहिण्याचे. बाहेरचे तापमान किती होते, पाण्याचे व तेलाचे किती, फेरे किती, इंधनाचा दाब केव्हा पडला, उघडल्यावर काय दिसले, आणि माझी चूक कोणती. शेवटचा मुद्दा लिहिणे सर्वांत कठीण. माणसाला अपयशाची लाज वाटते. त्यातून सुटे भाग विकणारा असेल तर गिऱ्हाईक जाण्याची भीती. त्या लोकांतही सगळे संत नाहीत. जमिनीवर दहा तास इंजिन फिरवून यशाच्या गोष्टी सांगणारे तेथेही आहेत. म्हणून जुने बांधणारे एकच प्रश्न विचारतात: हे किती तास उडाले? प्रमाणित नसलेल्या इंजिनाच्या नव्या विमानाला पहिले ४० तास ठरावीक क्षेत्रात, प्रवासी न घेता उडवून दाखवण्याची रीत तेथे पूर्वापार आहे, तीही याच कारणासाठी.

उमेदवारीच्या काळात आम्ही एका कारखान्यात होतो. तेथील एका वरिष्ठ कारागिराच्या खिशात एक लहान डायरी असे. कोणत्या कामाला मशीन कसे लावायचे याचे आकडे त्यात होते. आम्ही जवळ गेलो की डायरी मिटे. ते निवृत्त झाले, डायरीही त्यांच्याबरोबर गेली, आणि पुढे कित्येक महिने त्या मशीनमधून भंगारच बाहेर पडत होते. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या समाजात ज्ञान म्हणजे जातीची इस्टेट समजली गेली, ज्याच्या हातात हत्यार त्याला अक्षर वर्ज्य आणि ज्याच्या हातात अक्षर त्याला हत्याराचा विटाळ, तेथे माणूस डायरी मिटायलाच शिकतो. कारखान्यात त्याची किंमत भंगाराची. आकाशात ती जिवाची असते.

महापरिनिब्बान सुत्तात एक प्रसंग आहे. बेलुव गावी भगवान बुद्ध आजारातून उठले होते. संघासाठी काही अखेरचे गुप्त मार्गदर्शन राहिले असेल, अशी आनंदाची समजूत होती. तथागतांनी सांगितले की, आत एक आणि बाहेर एक असा भेद आपण केला नाही, शिकवताना मूठ बंद ठेवली नाही. पालीत तिला 'आचरियमुट्ठि' म्हणतात, आचार्याची बंद मूठ. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाईसरॉयकडे दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तांत्रिक शिक्षणाच्या सोयी मागितल्या, तीही ही मूठ उघडण्याचीच मागणी होती.

विमानाच्या बाबतीत आपल्या देशात बंद मुठीचा एक मासला प्रसिद्ध आहे. 'वैमानिक शास्त्र' या नावाचे पुस्तक प्राचीन ऋषींचे म्हणून सांगितले जाते. वैमानिकाला ठाऊक असलीच पाहिजेत अशी बत्तीस रहस्ये त्यात आहेत. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्याची तपासणी प्रसिद्ध केली. पुस्तक विसाव्या शतकातले आहे आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याच्या उलट उदाहरण ब्राझीलच्या सांतोस-द्युमाँ यांचे. बांबू आणि कापड वापरून केलेल्या आपल्या 'दम्वाझेल' या चिमुकल्या विमानाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. १९१० साली त्याची रेखाचित्रे एका अमेरिकन मासिकात छापली गेली आणि ज्याला हवे त्याने ती वापरली. पहिल्यात रहस्ये बत्तीस आणि उड्डाण शून्य. दुसऱ्यात रहस्य एकही नाही, आणि ते उडाले.

रोटरी इंजिनाचा महाराष्ट्राशी खराखुरा संबंध आहे, तो नगरमुळे. तेथील संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेने, व्हीआरडीईने, बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेबरोबर ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन विकसित केले, आणि २००९ साली कोलार येथे 'निशांत' हे वैमानिकरहित विमान त्यावर उडाले. त्या इंजिनाचे वजन सुमारे ३० किलो. घरी विमान बांधण्याची गोष्ट निघाली की मुंबईच्या कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांचे नाव येते. ते विमान २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. उड्डाणाच्या परवान्यासाठी मात्र २०१९ उजाडले.

विद्यार्थ्यांनी उद्या भंगारातून १३बी शोधायला निघावे, असे आम्ही सुचवत नाही. ते येथे मिळणेही कठीण आहे. मॅझ्दाने आरएक्स-७ चे उत्पादन २००२ साली आणि आरएक्स-८ चे २०१२ साली थांबवले. अमेरिकेतही बहुसंख्य हौशी बांधणारे लायकॉमिंग किंवा ऑस्ट्रियाचे रोटॅक्स हे दट्ट्याचेच इंजिन घेतात, आणि पहिल्यांदाच विमान बांधणाऱ्याने तसेच करावे, असे आमचेही मत आहे. पण इंजिन समजून घ्यायला ते विकत घ्यावे लागत नाही. आलेख कागद, कंपास आणि पुठ्ठा पुरतो.

कागदाच्या मध्यावर बिंदू घ्या. दर १५ अंशांनी १०.५ सेंटिमीटरची रेषा काढा. तिच्या टोकावरून, आडव्या अक्षाशी मूळ कोनाच्या तिप्पट कोन करणारी १.५ सेंटिमीटरची दुसरी रेषा काढा आणि तिच्या टोकावर खूण करा. चोवीस खुणा जोडल्या की १३बी च्या पेटीचा आतला आकार खऱ्या मापात मिळतो: लांबी २४ सेंटिमीटर, कमरेपाशी उंची १८. कंबर जेमतेम मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर आत आलेली दिसेल. घाईने काढलेल्या आकृतीत ती हरवते. मग पुठ्ठ्याचा समभुज त्रिकोण कापा, मध्यापासून प्रत्येक टोक १०.५ सेंटिमीटर. त्याचा मध्य कागदाच्या मध्यापासून दीड सेंटिमीटरच्या वर्तुळावर कोठेही ठेवा आणि त्रिकोण फिरवून पाहा. प्रत्येक जागी तो एका स्थितीत असा बसेल की तिन्ही टोके एकाच वेळी रेषेला टेकतील. आता सरळ बाजूंना फुगवटा द्यायचा. तो मध्यभागी सव्वादोन सेंटिमीटरांहून अधिक दिला तर रोटर कमरेला अडतो. असे का, हे ज्यांना सापडेल त्यांनी आपली आकृती अभ्यासिकेच्या फलकावर लावावी, आणि पहिल्या प्रयत्नात चुकलेली आकृतीही शेजारी लावावी.